शेवटच्या पानावरचे शेरे

स्मरणिका समितीचा निरोप आला तेव्हा सूचना अशी होती : 'तू इतिहास शिकवलास, तेव्हा शाळेच्या इतिहासावर काहीतरी लिही.' शाळेची स्थापना, इमारत निधी, मुख्याध्यापकांची परंपरा हे सगळे या अंकात इतरांनी लिहिले आहेच आणि माझ्यापेक्षा चांगले लिहिले आहे. मी एका लहानशा गोष्टीचा इतिहास लिहायचे ठरवले. आपण एकमेकांना 'सध्या काय वाचतोयस?' हे विचारत होतो, त्याचा. ही सवय कुठून आली, तिने मराठी कादंबरीचे काय केले आणि तिच्यात आपण कुठे कमी पडलो, एवढाच विषय आहे. यात माझा एक कबुलीजबाबही आहे, तो आधी देतो.

१९८२-८३ साली आपण नववीत होतो. शाळा तपासणी जवळ आली होती. ग्रंथालय सांभाळणाऱ्या सरांनी आम्हा तीन-चार मुलांना बोलावले, प्रत्येकाच्या हातात एक खोडरबर दिले आणि सांगितले, "पुस्तकांवर पेन्सिलीने जे जे लिहिलेले आहे ते सगळे खोडायचे." सरांचे काही चुकले नाही. पुस्तके विद्रूप करू नयेत, हा नियम प्रत्येक ग्रंथालयात असतो. आम्ही दोन दिवस तास बुडवून, आनंदाने, कपाटेच्या कपाटे साफ केली. त्या वेळी आपण काय खोडतो आहोत याचा विचार कुणाच्याही डोक्यात आला नाही.

तुम्हाला आठवत असेल, आपल्या ग्रंथालयातल्या कादंबऱ्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर वाचणाऱ्यांचे शेरे असत. 'मृत्युंजय'च्या मागे एकाने लिहिले होते : 'कर्णावर फार अन्याय झाला. अवश्य वाचा.' खाली दुसऱ्या अक्षरात : 'अर्जुनाची बाजू कोण सांगणार?' त्याखाली तिसऱ्याचे : 'भांडू नका. वेळेत परत करा. मी दीड महिना वाट पाहिली.' 'स्वामी'च्या मागे एका वळणदार अक्षरात सूचना होती : 'शेवटची पाने घरी कोणी नसताना वाचावीत.' ही मते लिहिणारे कोणी समीक्षक नव्हते. कुणी आपल्या आधीच्या तुकडीतले विद्यार्थी होते, कुणी शिक्षक होते, कुणी पुस्तक घरी गेल्यावर ते वाचून काढणारी आई किंवा आत्या होती. आपल्या तालुक्याच्या गावात त्या कादंबऱ्यांबद्दल सामान्य माणसाला काय वाटले, याचा तेवढाच लेखी पुरावा होता. पुढे आयुष्यभर मुलांना 'अस्सल साधने जपली पाहिजेत' असे शिकवणाऱ्या माणसाने तो स्वतःच्या हाताने पुसला.

आता त्या शेऱ्यांच्या मागचा इतिहास पाहू.

आपल्याकडे सार्वजनिक वाचनालये कादंबरीच्या आधी आली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४०चे, पुण्याचे 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' म्हणून सुरू झालेले वाचनालय १८४८चे, कोल्हापूरचे १८५०चे. पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचे नाव घेतले जाते ती बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची. हिंदू विधवांची दुःस्थिती हा तिचा विषय. त्यानंतर १८६१ साली लक्ष्मणशास्त्री हळबे यांची 'मुक्तामाला' आली. ती अद्भुतरम्य होती आणि तशा कादंबऱ्यांची पुढे रीघ लागली. रा. भि. गुंजीकरांची 'मोचनगड' ही पहिली ऐतिहासिक कादंबरी 'विविधज्ञानविस्तार' मासिकातून येऊन १८७१ साली पुस्तकरूप झाली. या प्रकाराला काय म्हणावे हेही तेव्हा पक्के नव्हते. १८७२ साली का. बा. मराठे यांनी त्यावर निबंध लिहिला तो 'नावल व नाटक' यांविषयी. पुढे बाणभट्टाच्या ग्रंथाचे नावच या सगळ्या प्रकाराचे नाव होऊन बसले.

कादंबरी वाचणे हे त्या काळी फारसे प्रतिष्ठेचे नव्हते. रिकामटेकड्यांचा आणि बिघडण्याचा उद्योग, अशीच वडीलधाऱ्यांची समजूत. म्हणून 'ही वाच' असे सांगणे म्हणजे थोडी जोखीम घेणे होते. आपल्या शाळेतही अभ्यासाच्या पुस्तकात घालून कादंबरी वाचणाऱ्याला बाकावर उभे केले जाई, ते त्याच समजुतीचे शेपूट.

हे चित्र बदलण्यात सगळ्यांत मोठा वाटा हरि नारायण आपटे यांचा. त्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढले आणि त्यातून 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. यमू नावाची मुलगी स्वतःची हकीकत सांगते आहे, अशी तिची रचना. क्रमशः छापण्याचा परिणाम काय होतो पाहा. पुस्तक एकदम हातात आले की माणूस ते एकटा वाचून संपवतो. आठवड्याला एक प्रकरण आले की पुढचा अंक येईपर्यंत त्यावर बोलण्याशिवाय काही करता येत नाही. अंक एका घरी येई आणि अनेक जण ऐकत, कारण ज्यांच्यावर ही कादंबरी होती त्या बायकांपैकी बहुतेकींना वाचता येत नव्हते. कुणीतरी मोठ्याने वाचायचे आणि बाकीच्यांनी ऐकायचे. कादंबरीवर मत देण्याची सुरुवात आपल्याकडे अशी माजघरात झाली.

हरिभाऊंच्या स्नेह्यांत गोविंदराव आणि काशीबाई कानिटकर हे दांपत्य होते. काशीबाईंचे लग्न लहानपणी झाले आणि त्या लिहा-वाचायला शिकल्या त्या लग्नानंतर. पुढे त्या स्वतः 'रंगराव' ही कादंबरी लिहिण्यापर्यंत पोहोचल्या आणि हरिभाऊंचे चरित्र व पत्रव्यवहार त्यांनीच पुस्तकरूपाने मागे ठेवला. वाचनाबद्दल बोलता-लिहिता येईल असे एक घर मिळाले की बाई वाचकाची लेखक होते, याचे हे मराठीतले फार जुने उदाहरण आहे. असे घर ज्यांना मिळाले नाही त्यांची उदाहरणे अर्थातच नोंदलेली नाहीत.

१८९३ साली ठाण्याचे आणि १८९८ साली मुंबईचे मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. १८९५ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मासिक मनोरंजन' काढले आणि १९०९ साली त्याचा पहिला दिवाळी अंक निघाला. इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकानेही १९०२ साली 'कादंबरी' या विषयावर निबंध लिहिला. तेव्हा कादंबरीवर बोलणे आता शहाण्या माणसांना शोभू लागले होते. नंतर ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांचे दिवस आले. कला कलेसाठी की जीवनासाठी, हा त्यांचा वाद तुम्ही मराठीच्या बाईंकडून ऐकला आहे. त्या वादाने वाचकांतही दोन तट पडले. आपल्या वडिलांच्या पिढीत 'मी फडकेवाला' किंवा 'मी खांडेकरवाला' असे सांगणारी माणसे होती. आवडत्या लेखकाची शिफारस ही स्वतःच्या स्वभावाची ओळख करून देण्यासारखीच असते, हे त्यांनी ओळखले होते.

१९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हा कथासंग्रह आला. लेखिकेचे नाव विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींच्या मनातले त्यात इतके उघडपणे आले होते की महाराष्ट्रात खळबळ उडाली. ही बाई कोण, की कोणी पुरुषच, यावर तर्क चालले. त्या होत्या मालतीबाई बेडेकर. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण तिचा आपल्या शाळेशी संबंध आहे, तो पुढे येईल.

या मोठ्या नावांच्या बाजूने आणखी एक प्रवाह वाहत होता, त्याची नोंद वाङ्मयेतिहासात दोन ओळींत उरकतात. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड महाराष्ट्रभर फिरले. या पुस्तकांची परीक्षणे कुठे येत नसत आणि कुणाला त्यांची गरजही नव्हती. आपल्या एसटी स्टँडसमोरचे भाड्याने पुस्तके देणारे दुकान आठवा. दिवसाला काही पैसे भाडे, अनामत वेगळी. दुकानदार काका गिऱ्हाइकाकडे पाहून पुस्तक काढत. "तू मागच्या वेळी गुरुनाथ नाईक नेलास ना? मग आता हे ने. धारप नको नेऊ, रात्री झोप येणार नाही." गावातला सर्वांत तयार शिफारसकर्ता तो माणूस होता. कारण तो पुस्तकाबरोबर वाचणाराही ओळखत होता. अर्थात तिथल्या पुस्तकांवरही शेरे असत आणि ते घातकी असत. पहिल्याच पानावर 'खून पुतण्याने केला आहे' असे लिहिणाऱ्याला मी अजून क्षमा केलेली नाही.

साठचे दशक मराठी कादंबरीला भरभरून देणारे होते. खांडेकरांची 'ययाती' १९५९ची, तिला पुढे ज्ञानपीठ मिळाले. १९६२ साली रणजित देसाईंची 'स्वामी', १९६३ साली भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला', १९६७ साली शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय'. १९६४ साली केशवराव कोठावळे यांनी 'ललित' मासिक सुरू केले, तेच मुळी पुस्तकांबद्दल बोलण्यासाठी. त्यात 'ठणठणपाळ' या नावाने जयवंत दळवी लेखक-प्रकाशकांची टोपी उडवत आणि सरवट्यांनी चितारलेला तो हातोडेवाला लोकांना पाठ झाला. पुस्तकांवर बोलताना हसताही येते, हे तिथे सिद्ध झाले. १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम झाला आणि त्यामुळे अनुदानित ग्रंथालये अ, ब, क, ड वर्गांनी लहान गावांपर्यंत पोहोचली. आपल्या गावचे वाचनालय त्यातलेच. १९७४ साली 'ग्रंथाली'ने तर वाचकांची चळवळ म्हणूनच काम सुरू केले.

'स्वामी' आणि 'कोसला' यांचा प्रवास मात्र वेगवेगळ्या वाटांनी झाला. 'स्वामी' घरात वडीलधाऱ्यांनी धाकट्यांच्या हातात दिली. 'कोसला' वडीलधाऱ्यांनी दिली नाही. खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहाच्या खोल्यांतून एका मुलाकडून दुसऱ्याकडे गेला. मला ती अकरावीला मिळाली, ती वसतिगृहात राहणाऱ्या वर्गमित्राकडून. तो एवढेच म्हणाला, "पहिली पन्नास पानं कळणार नाहीत. थांबू नकोस." इतकी उपयोगी शिफारस मला पुन्हा कुणी केली नाही.

आता आपल्या वर्गाकडे येतो.

आपल्या शाळेत परवानगीची पुस्तके होती. 'श्यामची आई', 'गोट्या', भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, 'किशोर'चे अंक. आठवीनंतर ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्या. सुहास शिरवळकर शाळेच्या कपाटात नव्हते, ते दप्तरात होते. त्यांची 'दुनियादारी' १९८२ची, म्हणजे अगदी आपल्याच वेळची. २०१३ साली तिच्यावर चित्रपट आला तेव्हा आपल्यापैकी कितीजणांनी घरच्यांना सांगितले असेल, 'आम्ही हे तीस वर्षांपूर्वी वाचलंय.'

मुलींची गोष्ट वेगळी होती, आणि ती मला फार उशिरा कळली. मागच्या संमेलनात एक मैत्रीण सहज म्हणाली, "गावच्या वाचनालयात माझं कार्ड कधीच नव्हतं. भावाच्या कार्डावर मी वाचलं. तो काय आणेल ते." मग हसून तिने सांगितले की शेवटच्या पानावर शेरा लिहायचा झाला तर ती भावाच्या नावाची आद्याक्षरे टाकत असे. 'स्वामी'च्या मागची ती वळणदार सूचना तिचीच होती. शेवटची पाने घरी कोणी नसताना वाचावीत, म्हणजे घरात पुरुषमंडळी नसताना. मी मात्र इतकी वर्षे ती एखाद्या हळव्या मुलाची समजत होतो. विभावरी शिरूरकरांना १९३३ साली जे करावे लागले ते आपल्या वर्गातली मुलगी १९८२ साली पेन्सिलीने करत होती. आणि मी ते खोडले.

दुसरी गोष्ट माझीच आहे. आपल्या वर्गातला एक मित्र, नाव लिहीत नाही, त्याला कळेलच, एकदा वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले पुस्तक घेऊन आला. म्हणाला, "हे वाच. आपल्या लायब्ररीत नाही." ते अण्णा भाऊ साठ्यांचे 'फकिरा' होते. १९५९चे पुस्तक, १९६१ साली राज्य पुरस्कार मिळालेले, अण्णा भाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेले. तरीही आपल्या कपाटात नव्हते. मी ते तीन दिवसांत वाचले आणि तीन महिने परत केले नाही. परत दिले तेव्हा त्याने विचारले, "कसं वाटलं?" मी म्हणालो, "बरं आहे."

ते मला बरे वाटले नव्हते. त्याने मी हललो होतो. गावासाठी जोगणी आणताना राणोजी प्राण देतो, आणि त्याच गावाच्या वेशीबाहेर त्याची माणसे राहतात, हे वाचून मला माझ्या गल्लीची लाज वाटली होती. पण ते बोलायचे तर त्याच्या वस्तीबद्दल आणि माझ्या घराबद्दल बोलावे लागले असते. चौदा वर्षांच्या मुलाला ते जमले नाही. त्याने मला दुसरे पुस्तक कधी दिले नाही. १९७८ साली दया पवारांचे 'बलुतं' येऊन गेले होते, पुढे १९८७ साली आनंद यादवांची 'झोंबी' आली. ही पुस्तके मला कॉलेजात आणि नंतर प्राध्यापकांकडून कळली. ती मला त्याच्याकडून कळायला हवी होती.

या इतिहासातून मला एक गोष्ट दिसते. मराठी कादंबरी परीक्षणांवर जगली नाही. ती माजघरातल्या वाचनावर, क्रमशः अंकांवर, भाड्याच्या दुकानांवर, वसतिगृहांवर आणि शेवटच्या पानांवर जगली. पण या सगळ्या ठिकाणी कुणाची शिफारस ऐकली जाई आणि कुणाची नाही, हेही ठरलेले होते. शिफारस म्हणजे माणूस आपल्या मनातले काहीतरी आपल्या हातात ठेवतो. त्यावर 'बरं आहे' म्हणणे म्हणजे ते न बघता परत करणे.

आज साधनांची वाण नाही. नाशिकहून सुरू झालेल्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमाच्या पेट्या कुठल्या कुठे गेल्या. २०१७पासून महाबळेश्वरजवळचे भिलार पुस्तकांचे गाव झाले आहे. आपल्या तुकडीचा व्हॉट्सॲप गट तर दिवसभर वाजत असतो. त्यावर सुप्रभात येते, आरोग्याचे सल्ले येतात, कुणीतरी फिरवलेले उतारे लेखकाचे नाव गाळून येतात. 'मी सध्या हे वाचतोय आणि मला असं वाटतंय' असा निरोप गेल्या वर्षभरात मी तरी पाहिला नाही. पुस्तके वाचणारे आपल्यात कमी नाहीत, हे मला घरोघर गेल्यावर दिसते. बोलणे तेवढे थांबले आहे.

म्हणून एक विनंती. संमेलनाच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी दोनशे पानांची एक वही ठेवलेली असेल. तिच्यात प्रत्येकाने दोन-चार ओळी लिहायच्या : सध्या कोणती कथा-कादंबरी वाचतो आहे, कशी वाटली, आपल्यापैकी कुणी ती वाचावी असे वाटते. स्वतःच्या नावाने लिहायचे. गुरुजनांनीही लिहावे, आम्हाला आता बाकावर उभे केले जाण्याची भीती नाही. वही नंतर शाळेच्या ग्रंथालयात जमा होईल. तिच्यावर खोडरबर चालणार नाही, कारण ती शाईने लिहायची आहे.

पहिल्या दोन नोंदी मी आधीच करून ठेवल्या आहेत.

एक. 'शाळा', लेखक मिलिंद बोकील, २००४. दुसऱ्यांदा वाचतो आहे. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग. मुलांच्या गप्पा इतक्या खऱ्या की आपलाच मागचा बाक वाटतो. एकच उणे : शिरोडकर आपल्याला सगळी जोशीच्या डोळ्यांनी दिसते. तिने स्वतः काय लिहिले असते, हे वाचायला आवडले असते. वर्गातल्या मैत्रिणींनी वाचून सांगावे.

दोन. 'फकिरा', लेखक अण्णा भाऊ साठे, १९५९. मित्राने नववीत दिले होते. मत द्यायला फार उशीर झाला. फार मोठे पुस्तक आहे. तेव्हाही तसेच वाटले होते. तू सध्या काय वाचतोयस, ते याच्याखाली लिही.